‘लक्ष देणे’ आणि ‘लक्ष लागणे’ : अवधानन्यूनता व चिंता यांचा सहवास

मराठीत ‘लक्ष’ या नामाबरोबर येणाऱ्या क्रियापदांत एक अर्थपूर्ण भेद आहे. ‘तो लक्ष देत नाही’ या वाक्यात ‘तो’ कर्ता असल्यामुळे न देण्याचा दोष त्याच्याकडे जातो. ‘त्याचे लक्ष लागत नाही’ येथे लक्ष हेच कर्तृस्थानी असून माणूस षष्ठीत आहे. ‘त्याला चिंता वाटते’ या वाक्यात तो चतुर्थीत, म्हणजे अनुभव घेणाऱ्याच्या जागी, आहे. अवधानन्यूनता-अतिक्रियता विकार, म्हणजे एडीएचडी, आणि चिंताविकार हे दोन्ही ज्याच्या वाट्याला येतात, त्याचे वर्णन लोक पहिल्या वाक्याने करतात. त्याचा अनुभव मात्र उरलेल्या दोन वाक्यांत असतो.

वैद्यकाची परिभाषाही या दोषारोपापासून मुक्त नव्हती. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांचे वर्णन करताना नैतिक नियंत्रणातील उणीव ही कल्पना योजिली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९६८ च्या वर्गीकरणात अतिक्रियतेस, तर १९८० च्या वर्गीकरणात अवधानास प्राधान्य दिले. आजचे जोडनाव १९८७ चे आहे.

हे दोन विकार क्वचितच एकत्र येतात असे नव्हे. अमेरिकेतील एका राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार अवधानन्यूनता असलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांत त्या वर्षभरात एखादा चिंताविकारही आढळला. या दोहोंचा संबंध दुहेरी आहे. विसरलेली कामे, हुकलेल्या मुदती आणि वर्षानुवर्षे ऐकलेले बोल यांतून चिंता वाढते. वाढलेली चिंता उरलेले अवधानही खाऊन टाकते. उलटपक्षी, काही जण भीतीच्याच बळावर काम निभावून नेतात. प्रबंधाचे प्रकरण शेवटच्या रात्री पुरे करणारा, प्रत्येक तळटीप पाच वेळा तपासणारा विद्यार्थी वरकरणी दक्ष दिसतो. म्हणूनच त्याची अवधानन्यूनता कोणाच्या ध्यानात येत नाही.

निदान करताना मुख्य प्रश्न कालक्रमाचा असतो. चिंतेमुळेही मन विचलित होते. परंतु ते विचलन बहुधा चिंतेबरोबर वाढते आणि ओसरते. अवधानन्यूनतेची लक्षणे बालपणापासून, एकाहून अधिक क्षेत्रांत आणि मन निश्चिंत असतानाही दिसतात. २०१३ च्या वर्गीकरणानुसार त्यांपैकी काही बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. उपचारांत सामान्यतः जो विकार अधिक बाधक असेल त्यास अग्रक्रम मिळतो. मिथाइलफेनिडेटसारख्या उत्तेजक औषधांनी काहींची धडधड व अस्वस्थता वाढते, तर काहींची कामे मार्गी लागल्यामुळे चिंता उणावते. म्हणून औषधाची निवड मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावयास हवी. बोधात्मक वर्तनोपचार दोन्ही विकारांत उपयोगी पडतात.

‘लक्ष लागत नाही’ हे वाक्य स्वीकारल्याने विद्यार्थ्याची जबाबदारी संपते, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. प्रकरण त्यानेच लिहावयाचे असते. तथापि ‘लक्ष दे’ या आज्ञेने त्याची केवळ चिंता वाढते. याउलट प्रकरणाचे लहान भाग पाडून प्रत्येकास तारीख ठरवून दिली, सूचना लेखी दिल्या आणि अपुरा मसुदाही पाहण्याची तयारी मार्गदर्शकाने दाखविली, तर लक्ष लागण्याजोगी परिस्थिती निर्माण होऊ शकते.