वादळाच्या डोळ्यापायी डोळ्याला डोळा नाही

ऑगस्ट सरत आला की अटलांटिकच्या काठावरच्या एका जमातीची झोप उडते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून, केप व्हर्दे बेटांच्या आसपास, ढगांचा एखादा पुंजका समुद्रावर उतरतो आणि मायामी, ह्यूस्टन, सान हुआन, बर्म्युडा इथल्या कितीतरी घरांत उपग्रहाची चित्रं उघडली जातात. ही सगळी माणसं शास्त्रज्ञ नसतात. वादळ किनाऱ्याला लागेपर्यंत त्यावरून नजर हटवायची नाही, हा त्यांचा छंद. या छंदाने हवामानशास्त्राला भरभरून दिलं आहे आणि माणसांचे जीवही वाचवले आहेत. त्या जगातल्या या काही चटपटीत गोष्टी!

जन्म वाळवंटाच्या वाऱ्यात

अटलांटिकच्या अनेक महाकाय वादळांचं मूळ आफ्रिकेत असतं. दर मोसमात हवेच्या साधारण ६० लाटा आफ्रिकेवरून पश्चिमेकडे सरकत समुद्रावर येतात. त्यांतल्या मोजक्याच वादळ होतात. त्यासाठी समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं लागतं आणि वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांत फार फरक असून चालत नाही. सहारातून उडालेली कोरडी, धुळीने भरलेली हवा मध्ये घुसली, तर वाढू पाहणारं वादळ कोमेजतं. म्हणून पक्का वादळवेडा ढगांबरोबर धुळीचाही नकाशा पाहतो.

बारशाआधीचा नंबर

नाव मिळण्याआधी संशयास्पद ढगांना नंबर मिळतो. ९० ते ९९ यांपैकी एक आकडा आणि पुढे अटलांटिकचं ‘एल’ अक्षर, म्हणजे ‘९५एल’. याला ‘इन्व्हेस्ट’ म्हणतात. ९९ झालं की पुन्हा ९० पासून सुरुवात. वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटरवर गेला की बारसं होतं आणि ११९ वर गेला की ‘हरिकेन’ ही पदवी लागते. हौशी मंडळींची खरी चुरस बारशाआधीच असते. ‘९५एल’चं पुढे काय होणार, यावर रात्र रात्र खल चालतो.

सहा याद्या, २१ नावं

अटलांटिकसाठी नावांच्या सहा याद्या आहेत आणि त्या आलटून पालटून येतात. प्रत्येक यादीत २१ नावं. इंग्रजी क्यू, यू, एक्स, वाय आणि झेड या अक्षरांना सुट्टी. १९५३ पासून फक्त बायकांची नावं दिली जात, पुरुषांची नावं १९७९ मध्ये आली. फार संहार करणाऱ्या वादळाचं नाव कायमचं निवृत्त होतं. अँड्र्यू, कॅटरिना, सँडी ही नावं आता पुन्हा येणार नाहीत. २०२० मध्ये ३० वादळांना नावं द्यावी लागली. यादी संपली आणि ग्रीक मुळाक्षरं वापरावी लागली. आपल्या समुद्रातली रीत वेगळी. उत्तर हिंदी महासागरासाठी १३ देश नावं सुचवतात आणि एक नाव एकदाच वापरलं जातं. २०२० मध्ये रायगडला झोडपणाऱ्या ‘निसर्ग’चं नाव बांगलादेशाने दिलं होतं, तर २०२१ च्या ‘तौक्ते’चं म्यानमारने.

दिवसाचे चार मुहूर्त

मायामीतलं नॅशनल हरिकेन सेंटर मोसमात दर सहा तासांनी वादळाची खबर देतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११. ज्यांची मुलं, भावंडं फ्लोरिडात किंवा कॅरोलायनात आहेत, त्यांनी आपल्याकडच्या वेळा लक्षात ठेवाव्यात. सकाळी आणि रात्री साडेआठ, दुपारी आणि मध्यरात्रीनंतर अडीच. किनाऱ्याला इशारा लागू झाला की मधल्या वेळीही, दर तीन तासांनी ताजी माहिती येते.

शंकू नीट वाचा!

टीव्हीवरच्या नकाशात वादळापुढे एक पांढरा शंकू दिसतो. पुष्कळांना वाटतं, तो वादळाचा आकार. तसं मुळीच नाही! गेल्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले, त्यावरून तो आखतात. वादळाचं केंद्र साधारण तीनपैकी दोन वेळा त्या शंकूच्या आत राहतं. म्हणजे तिसऱ्या वेळी बाहेरही जाऊ शकतं, आणि पाऊस-वारा तर शंकूच्या कितीतरी बाहेर पोचतो. ऑगस्ट २००४ मध्ये ‘चार्ली’ टँपाकडे जाणार म्हणून सगळ्यांचं लक्ष मधल्या रेषेवर होतं. वादळ वळलं आणि पुंटा गोर्डाजवळ धडकलं. तो भाग शंकूच्या आतच होता. तेव्हापासून जाणती मंडळी नवख्यांना पहिला धडा हाच देतात, की रेषेवर भिस्त ठेवू नका.

शेवयांचा गुंता

वेगवेगळी संगणकीय मॉडेल्स वादळाचा वेगवेगळा मार्ग सांगतात. सगळे मार्ग एका नकाशावर काढले की ताटात शेवया सांडल्यासारखं दिसतं. अमेरिकेचं जीएफएस आणि ‘युरो’ म्हणून ओळखलं जाणारं युरोपियन मॉडेल यांची चढाओढ प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘सँडी’ समुद्रात निघून जाईल असं बाकीच्यांना वाटत असताना, युरोने जवळपास आठवडाभर आधी ती अमेरिकेच्या किनाऱ्याकडे डावीकडे वळेल असं दाखवलं. २९ ऑक्टोबरला सँडी खरोखर न्यू जर्सीवर आली. त्यानंतर अमेरिकेने आपल्या हवामान खात्याच्या महासंगणकांसाठी जास्तीचा निधी मंजूर केला.

पैजेखातर वादळात

२७ जुलै १९४३. टेक्सासमध्ये गॅल्व्हस्टनकडे वादळ येत होतं. ब्रायन फील्ड या तळावर शिकायला आलेले ब्रिटिश वैमानिक तिथल्या छोट्या प्रशिक्षण विमानांची थट्टा करत होते. जोसेफ डकवर्थ हा प्रशिक्षक पैजेवर आला. नेव्हिगेटर राल्फ ओ’हेअरला बरोबर घेऊन त्याने एका इंजिनाचं विमान थेट वादळाच्या डोळ्यात नेलं आणि सुखरूप परत आणलं. तळावरच्या हवामान अधिकाऱ्यालाही डोळा बघायचा होता, म्हणून डकवर्थने त्याच दिवशी दुसरी फेरी मारली. जाणूनबुजून हरिकेनच्या डोळ्यात शिरण्याची ही पहिली नोंद. आजच्या ‘हरिकेन हंटर्स’ची परंपरा इथून सुरू होते.

कर्मिट, मिस पिगी आणि गाँझो

वादळात शिरणाऱ्या सरकारी विमानांची नावं ‘मपेट्स’ या बाहुल्यांवरून ठेवली आहेत. ‘कर्मिट’ आणि ‘मिस पिगी’ वादळ चिरत जातात, ‘गाँझो’ वरून आणि भोवताली उडतं. शिवाय मिसिसिपीतल्या कीस्लर तळावर हवाई दलाची दहा विमानं आहेत. विमानातून छोटी नळकांडी खाली सोडतात, तीच ड्रॉपसोंड. पॅराशूटला लटकून पडता पडता ती दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा कळवतात. ही माहिती काही मिनिटांत सर्वांसाठी खुली होते, आणि घरी बसलेले हौशी सांकेतिक आकडे उलगडून ‘दाब आणखी उतरला!’ म्हणून एकमेकांना उठवतात.

हे काम जिवावरचं आहे. सप्टेंबर १९५५ मध्ये ‘जॅनेट’ वादळात गेलेलं नौदलाचं विमान आणि त्यातली ११ माणसं परत आली नाहीत. १९८९ मध्ये ‘ह्यूगो’त जेमतेम साडेचारशे मीटर उंचीवर शिरलेल्या कर्मिटचं एक इंजिन निकामी झालं. डोळ्यात घिरट्या घालत ते उंच चढलं आणि हवाई दलाच्या विमानाने दाखवलेल्या वाटेने बाहेर पडलं. त्या विमानातले हवामानतज्ज्ञ जेफ मास्टर्स पुढे ‘वेदर अंडरग्राउंड’च्या संस्थापकांपैकी एक झाले. वादळवेड्यांच्या एका पिढीला त्यांच्या लेखांनी घडवलं.

हवानाचे फादर हरिकेन

उपग्रह नव्हते, विमानं नव्हती, तेव्हा क्यूबात बेनितो विन्येस नावाचे जेझुइट पाद्री आभाळ वाचत. उंचावरचे पिसासारखे ढग कुठून कुठे सरकतात, यावरून ते वादळाचं केंद्र ताडत. सप्टेंबर १८७५ मध्ये त्यांनी दिलेला इशारा हा हरिकेनचा पहिला जाहीर अंदाज मानला जातो. क्यूबाची ही विद्या अमेरिकेच्या हवामान खात्याने मानली नाही. १९०० साली तर क्यूबातून येणाऱ्या हवामानाच्या तारांवर बंधनं घातली. त्या वर्षीचं वादळ मेक्सिकोच्या आखातात जाईल, असा क्यूबातल्या जाणकारांचा होरा होता. खात्याने ते फ्लोरिडावरून उत्तरेकडे वळेल असं मानलं. ८ सप्टेंबरला वादळ गॅल्व्हस्टनवर आलं आणि किमान सहा हजार, बहुधा आठ हजारांवर माणसं गेली.

एका मुलीने पुढे ढकललेली स्वारी

३ जून १९४४. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ब्लॅकसॉड इथे पोस्टात काम करणाऱ्या मॉरीन फ्लॅविनचा तो एकविसावा वाढदिवस. हवामानाच्या नोंदी घेणं हाही तिच्या कामाचाच भाग. बॅरोमीटर झपाट्याने उतरत होता. तिने नोंद पाठवली. उलट फोन आला, पुन्हा तपासा. तिने तपासलं, आकडा तोच. अटलांटिकवरून वादळी हवा येत असल्याचा तो पुरावा होता. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी नॉर्मंडीची स्वारी ५ जूनवरून ६ जूनवर नेली, त्यात या नोंदीचा मोठा वाटा होता. आपल्या आकड्याने काय घडवलं, हे मॉरीनबाईंना कित्येक वर्षांनी कळलं. त्या शंभर वर्षं जगल्या.

१४.३२५ मेगाहर्ट्झ

वीज गेली, मोबाइल बंद पडले, तरी हॅम रेडिओ बोलतो. १९६५ मध्ये ‘बेट्सी’ वादळाच्या वेळी ‘हरिकेन वॉच नेट’ सुरू झालं. वादळाच्या वाटेवरचे हौशी रेडिओवाले १४.३२५ मेगाहर्ट्झवर आपल्या घराजवळचा वारा, दाब, पाऊस कळवतात. नॅशनल हरिकेन सेंटरमध्येच ‘डब्ल्यूएक्स४एनएचसी’ हे हॅम केंद्र आहे आणि तेही स्वयंसेवक चालवतात. त्यांनी घेतलेल्या नोंदी थेट अंदाजकर्त्यांच्या टेबलावर जातात. हौसेचं याहून मोठं चीज कोणतं?

वॉफल सांगतं आपत्ती

‘वॉफल हाऊस’ ही अमेरिकेतली २४ तास, ३६५ दिवस उघडी असणारी हॉटेलं. आपत्ती व्यवस्थापनातले अधिकारी क्रेग फ्युगेट यांनी त्यांचाच निर्देशांक केला. सगळे पदार्थ मिळत असतील तर हिरवा, मोजकेच मिळत असतील तर पिवळा आणि हॉटेल बंद असेल तर लाल. लाल म्हणजे त्या भागाला मदत तातडीने हवी. २००४ च्या वादळांत फ्लोरिडात सुचलेली ही युक्ती फ्युगेट देशाच्या आपत्ती यंत्रणेचे प्रमुख झाल्यावर सर्वदूर गाजली.

समुद्रावरचं निडर होडकं

३० सप्टेंबर २०२१ ला ‘सॅम’ वादळात एक होडी शिरली. तीत माणूस नव्हता. सात मीटर लांबीच्या या सेलड्रोनने १५ मीटर उंचीच्या लाटांतून चित्रफीत पाठवली. समुद्राच्या पातळीवरून, मोठ्या हरिकेनच्या पोटातून आलेलं ते पहिलं चलचित्र. वादळ समुद्राकडून उष्णता नेमकी कशी घेतं, हे समजायला अशा नोंदी फार मोलाच्या आहेत.

अल निनोचा दुहेरी खेळ

ज्या अल निनोची बातमी ऐकून मराठवाड्यातला शेतकरी धास्तावतो, तोच अल निनो अटलांटिकमधल्या वादळांचा जोर बहुधा कमी करतो. पॅसिफिकचं पाणी तापलं की अटलांटिकवर उंचावरचे वारे जोर धरतात आणि वाढू पाहणाऱ्या वादळांचा माथा उडवतात. ला निनात याच्या उलट. आपला मान्सून आणि फ्लोरिडाचं वादळ यांचा धागा असा प्रशांत महासागरात जुळतो.

झटपट!

• अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, कळस १० सप्टेंबरच्या सुमारास. तरी २००५ चं ‘झीटा’ ३० डिसेंबरला जन्मलं आणि नवीन वर्षातही टिकलं.

• अटलांटिकमधला सर्वांत कमी दाब ‘विल्मा’चा : ८८२ हेक्टोपास्कल, १९ ऑक्टोबर २००५. त्या वेळी तिचा डोळा जेमतेम पावणेचार किलोमीटर रुंद होता.

• १९९२ मध्ये ‘अँड्र्यू’ने खुद्द हरिकेन सेंटरच्या छतावरचं रडार उडवलं. त्याला पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचा दर्जा मिळाला तो दहा वर्षांनी, नोंदी पुन्हा तपासल्यावर.

• बर्म्युडात शार्कचं तेल बाटलीत भरून टांगतात. तेल गढूळ झालं की वादळ येणार, असा जुना समज.

• १९८७ च्या ऑक्टोबरात अटलांटिकवरून आलेल्या वादळाने इंग्लंडमध्ये सुमारे दीड कोटी झाडं पाडली. ‘सेव्हनओक्स’ या गावाने आपल्या सातपैकी सहा ओक त्या रात्री गमावले.

• २०१७ मध्ये ‘हार्वी’ने टेक्सासात नेदरलँड या गावी १,५३९ मिलिमीटर पाऊस पाडला.

आता सगळ्यांत कामाची गोष्ट. लोक वाऱ्याला भितात, पण जीव घेतं ते पाणी. १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेत हरिकेन आणि उष्णकटिबंधीय वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी सुमारे ९० टक्के पाण्याचे होते, आणि एकूण बळींपैकी जवळपास निम्मे समुद्राच्या उधाणाचे. म्हणून तुमचं कुणी त्या किनाऱ्यावर राहत असेल तर येत्या मोसमात त्यांना एवढं सांगा : वादळाची श्रेणी विचारण्याआधी आपलं घर उधाणाच्या टप्प्यात येतं का ते बघा, आणि अधिकाऱ्यांनी घर सोडा म्हटलं की त्याच घटकेला सोडा.