दीर्घ संसाराचें स्मरण : एका घरांतील चार पुस्तकें

विवाह हा सोळा संस्कारांपैकीं एक मोठा संस्कार. वाङ्‌निश्चयापासून गृहप्रवेशापर्यंत त्याच्या प्रत्येक पायरीचा विधि ठरलेला आहे. परंतु त्याच विवाहाला पंचवीस किंवा पन्नास वर्षें पूर्ण झालीं, तर त्या दिवशीं काय करावें याविषयीं परंपरेनें फारसें कांहीं सांगितलेलें नाहीं. दीर्घायुष्याचा गौरव मात्र तिनें अगत्यानें केला आहे. साठाव्या वर्षीं उग्ररथशांति होते, आणि ज्यानें हजार पौर्णिमा पाहिल्या त्याचें सहस्रचंद्रदर्शन करण्यांत येतें. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरीनें साडेएकोणतीस दिवसांहून किंचित् अधिक काळ जातो. म्हणजे हजार पौर्णिमांना सुमारें ८० वर्षें १० महिने लागतात. हा हिशेब मनोहर खरा, पण तो एकाच व्यक्तीच्या वयाचा आहे. शेजारच्या पाटावर बसलेल्या सहधर्मचारिणीनें त्यांतील किती पौर्णिमा त्याच अंगणांतून पाहिल्या, हें त्यांत मोजलें जात नाहीं.

ही उणीव पुढें पाश्चात्य रीतीनें भरून काढली. पंचवीस वर्षांचा रौप्यमहोत्सव व पन्नास वर्षांचा सुवर्णमहोत्सव हे शब्द मराठी घरांत आतां रुळले आहेत. साठ वर्षांना हीरकमहोत्सव म्हणण्याची चाल १८९७ मध्यें व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षें झालीं तेव्हांपासून विशेष दृढ झाली. धातूंचीं व रत्नांचीं नांवें मिळालीं. परंतु त्या दिवशीं नेमकें कशाचें स्मरण करावयाचें, हा प्रश्न शिल्लकच राहिला. बहुतेक समारंभांत कोणी वडीलधारे गृहस्थ उठतात, “संसार सुखाचा झाला” असें एक वाक्य बोलतात, आणि पन्नास वर्षें त्या एका वाक्याखालीं झांकलीं जातात. दीर्घ संसाराचा खरा गौरव त्या वाक्यानें होत नाहीं. संसार दोघांचा असतो. म्हणून त्याच्या आठवणीही दोघांच्या असाव्या लागतात, आणि त्या दोहोंत जेथें मेळ बसत नाहीं, तीं स्थळेंही त्यांत यावीं लागतात. याचें फार बोलकें उदाहरण पुणें शहराच्या इतिहासांत आहे.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा, घराणें कोंकणांतील मुरुडचें. त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ मध्यें निवर्तल्या. त्या वेळीं मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षीं कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले. पुन्हां लग्न करण्याचा आग्रह होऊं लागला, तेव्हां करीन तर विधवेशींच विवाह करीन, असा निश्चय त्यांनीं केला. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई ही बालपणींच विधवा झालेली होती. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें, त्यांतील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढें सदन पुण्यास आलें, त्याबरोबर तीही आली. शारदासदन उघडल्याला बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशीं, म्हणजे ११ मार्च १८९३ रोजीं, पुण्यांत कर्वे व गोदूबाई यांचा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढें घरांत व बाहेर त्यांना सर्वजण ‘बाया’ म्हणत, आणि कर्व्यांना ‘अण्णा’.

मुरुड गांवाविषयीं कर्व्यांना फार ममत्व होतें. गांवाच्या उपयोगी पडावें म्हणून १८८६ पासून त्यांनीं मुरुड फंड चालविला होता. पण त्याच गांवानें या विवाहानंतर त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या घरांत कर्वे लहानाचे मोठे झाले, तेथें नव्या सुनेला सरळ पाऊल टाकतां येईना. आईच्या मनांत ओढ होती, परंतु मुलाला जवळ करावें तर जातीबाहेर पडावें लागे. हा प्रसंग इतिहासकार सामाजिक चळवळीच्या प्रकरणांत नोंदवितो. आनंदीबाईंच्या दृष्टीनें मात्र ती लग्नानंतरची पहिली सासरची भेट होती. एकच घटना, पण ती कोण आठवतो आहे यावर तिचें स्वरूप पालटतें.

या भेदाचें दुसरें उदाहरण हिंगण्याचें आहे. १८९६ मध्यें कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली, आणि १९०० मध्यें आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात व तो शहरांत पूर्णपणें मिसळून गेला आहे. त्या काळीं तें ओसाड रान होतें व तेथें जावयास धड रस्ता नव्हता. कॉलेजांतील तास संपवून कर्वे रोज पायीं हिंगण्यास जात, आश्रमाला लागणारें सामान अनेकदां स्वतः वाहून नेत, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां शिकवावयास पुण्यांत परतत. महाराष्ट्राच्या मनांत त्यांचें हेंच चित्र कोरलेलें आहे, आणि तें यथार्थ आहे.

परंतु त्या वेळीं पुण्यांतील बिऱ्हाडांत मुलांना घेऊन कोण राहिलें होतें, हें त्या चित्रांत दिसत नाहीं. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठीं होता. तो पुनर्विवाहासाठीं आहे अशी समजूत झाली असती, तर सनातनी वळणाच्या घरांतून एकही मुलगी तेथें आली नसती. म्हणून कर्व्यांनीं पुनर्विवाहाच्या चळवळीपासून स्वतःला दूर ठेविलें, आणि आश्रमांतही तो विषय निघूं दिला नाहीं. याचा परिणाम असा झाला कीं, ज्या संस्थेचा पाया आनंदीबाईंच्या घरांतील पैशानें व कष्टानें घातला गेला, त्या संस्थेंत पुनर्विवाहित म्हणून त्यांनाच आरंभीं स्थान नव्हतें. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले ही विधवा होती. ती आश्रमांत राहिली, शिकली व त्याची आधारस्तंभ झाली. थोरल्या बहिणीला मात्र बाहेर राहावें लागलें. कर्व्यांच्या बाजूनें पाहतां ही सावधगिरी होती. आनंदीबाईंच्या बाजूनें पाहतां तो सल होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पैशाच्या बाबतींतही तसेंच. कर्व्यांनीं आपली शिल्लक आश्रमाला दिली, पुढें आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नांवें करून दिली. त्यागाची ही कथा सभांतून अनेकदां सांगितली गेली आहे. परंतु विमा हा घरच्या माणसांच्या भवितव्यासाठीं उतरविलेला असतो. उद्यां बरेंवाईट झालें तर मुलांचें काय, या विचारानें आईला झोंप लागूं नये, हें स्वाभाविकच होतें. तरीही आनंदीबाईंनीं हात आंखडला नाहीं. स्वतःच्या पायावर उभें राहतां यावें म्हणून त्यांनीं सुईणीच्या कामाचें शिक्षण घेतलें, घर काटकसरीनें चालविलें, आणि ज्या आश्रमानें त्यांना प्रथम दूर ठेविलें त्याच्यासाठीं पुढें दारोदार फिरून वर्गणी जमविली.

हें सर्व आज कळतें, याचें कारण त्या घरानें आठवणी लिहून ठेविल्या. १९१४ मध्यें कॉलेजांतून निवृत्त झाल्यावर कर्व्यांनीं १९१५ मध्यें आपलें ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध केलें. त्यांची वृत्ति गणितज्ञाची. संस्था, वर्गणी, प्रवास यांचा हिशेब त्यांत चोख आहे, आणि स्वतःच्या चुकाही त्यांनीं लपविल्या नाहींत. पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ मध्यें निघाली. आश्रमासाठीं निधि जमविण्याकरितां अमेरिकेपर्यंत गेलेल्या या बाईंनीं स्वतः पुनर्विवाह केला नाहीं. बहिणीच्या घराकडे त्या निराळ्या वाटेनें चालतांना पाहात होत्या. त्यानंतर १९४४ मध्यें आनंदीबाईंचें ‘माझे पुराण’ आलें. विवाहाला पन्नास वर्षें १९४३ मध्यें पूर्ण झालीं होतीं. म्हणजे सुवर्णमहोत्सवाच्या पुढच्याच सालीं पत्नीची बाजू वाचकांपुढें आली. तें संपादिलें त्यांच्या सूनबाई कावेरीबाई कर्वे यांनीं. सासूच्या आयुष्याची हकीकत सुनेनें नीट जुळवून समाजापुढें ठेवावी, ही गोष्ट त्या काळीं सामान्य नव्हती. आजही ती सर्वत्र आढळते असें नाहीं.

मराठींत पत्नीनें लिहिलेल्या आठवणींची परंपरा थोर आहे. रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० चें. न्यायमूर्ति रानडे १९०१ मध्येंच निवर्तले होते. लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. रेव्हरंड टिळकांचें निधन १९१९ मध्यें झालेलें होतें. ही दोन्ही पुस्तकें मागें राहिलेल्या पत्नींनीं लिहिलीं. ज्याच्याविषयीं लिहावयाचें तो उत्तर देण्यास उरलेला नाहीं, या जाणिवेनें लेखणीला स्वभावतःच एक मार्दव येतें. ‘माझे पुराण’ प्रसिद्ध झालें तेव्हां मात्र अण्णा हयात होते व त्यांनीं ८६ वें वर्ष गांठलें होतें. पतीचें पुस्तक पत्नीच्या हयातींत आणि पत्नीचें पतीच्या हयातींत, असा योग दुर्मिळ आहे. आपल्या संसारांत उणें काय होतें तें पत्नीनें लिहावें, आणि पतीच्या डोळ्यांदेखत तें छापलें जावें, याला परस्परांवरील विश्वास फार मोठा लागतो. तक्रार उघडपणें नोंदविली गेली म्हणून तो संसार लहान ठरला नाहीं. उलट त्याचें खरें माप त्यामुळेंच कळलें.

पुढच्या पिढीनेंही हें काम चालू ठेविलें. या घरांत मतभेदांची वाण नव्हती. थोरले पुत्र रघुनाथ यांनीं १९२१ मध्यें मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें व १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेंत गेले. दिनकर फर्ग्युसन कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवूं लागले. भास्कर हिंगण्याच्या संस्थेंत राहिले. दिनकर यांनीं १९६३ मध्यें महाराष्ट्रीय कुटुंबांविषयीं एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत आईचें व वडिलांचें कथन एकाच पुठ्ठ्याच्या आंत आलें, आणि त्यांच्या पत्नी, मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई, यांनीं सासऱ्यांविषयीं लिहिलेला लेखही त्यांत आला. असा एकाच घराच्या आठवणींचा धागा १९१५ पासून १९६३ पर्यंत चार पुस्तकांतून गेला आहे.

येथें कोणी म्हणेल, कर्वे महर्षि होते, त्यांच्या घराची गोष्ट वेगळी. सामान्य कुटुंबांत लिहिण्यासारखें काय असतें? पण या पुस्तकांत वाचकाला धरून ठेवणारा भाग कोणता, तें पाहिलें म्हणजे शंका फिटते. पैसा कसा पुरविला, आजारीं मुलाजवळ कोण बसलें, कोणत्या नातेवाइकानें दार लावून घेतलें आणि कोणी उघडलें, याच त्या गोष्टी आहेत, आणि त्या प्रत्येक घरांत घडतात. फरक इतकाच कीं, बहुतेक घरांत त्या कोणी विचारीत नाहीं, आणि सांगणारे निघून गेल्यावर विचारण्यास कोणी उरत नाहीं.

म्हणून ज्या घरांत असा महोत्सव जवळ आला असेल, तेथें हार व पेढे यांबरोबर कांहीं साधीं पथ्यें पाळलीं तर तो दिवस सार्थकीं लागेल. पहिलें पथ्य असें कीं, दोघांना निरनिराळें बसवून विचारावें. एकत्र बसविल्यास बहुधा एकजण बोलतो व दुसरा मान हालवितो. दुसरें, लिहून घेण्याचें काम मुलापेक्षां सुनेकडे, जावयाकडे किंवा नातवंडांकडे द्यावें. मुलांना उत्तरें ठाऊक आहेत असें वाटत असतें, म्हणून ते विचारीत नाहींत. बाहेरून आलेल्या माणसाला कुतूहल असतें. तिसरें, प्रश्न मोठे नसावेत. “संसार कसा झाला?” या प्रश्नाला ठरलेलें उत्तर येतें, “पहिल्या बिऱ्हाडांत पाणी कोठून आणीत असां?” असें विचारलें म्हणजे वाडा, शेजार, चाळीचा जिना, सारें उभें राहतें. चौथें, तारखांसाठीं स्मरणावर विसंबूं नये. जुनीं पत्रें, भाडेपावत्या, जमाखर्चाच्या वह्या, लग्नपत्रिका काढाव्या. आणि शेवटचें पथ्य सर्वांत कठीण आहे. दोघांच्या हकीकती जुळल्या नाहींत, तर त्या जुळविण्याची घाई करूं नये. दोन्ही तशाच शेजारीं ठेवाव्या.

आनंदीबाई १९५० मध्यें वारल्या. पतीला १९५५ मध्यें मिळालेली पद्मविभूषण ही पदवी व १९५८ मध्यें, शंभराव्या वर्षीं, मिळालेलें भारतरत्न हें त्यांनीं पाहिलें नाहीं. अण्णा पुढें १९६२ पर्यंत, म्हणजे आणखी बारा वर्षें जगले. पौर्णिमांचा हिशेब या संसाराला लाविला, तर दोघांनीं मिळून पाहिलेल्या पौर्णिमा सातशेंहून अधिक भरतात. त्यांतील कित्येक रात्रीं एकजण हिंगण्याच्या माळावर होता आणि दुसरी पुण्याच्या बिऱ्हाडांत मुलांजवळ जागी होती. हिंगण्याच्या रात्री पतीनें लिहिल्या. बिऱ्हाडांतील रात्री पत्नीनें सांगितल्या नसत्या, तर त्या कोणालाच कळल्या नसत्या.