पायांची प्रार्थना

धर्म म्हणजे पूजापाठ की न्याय? हा सवाल आपल्याच धर्मबांधवांना रोखठोक विचारणाऱ्यांत अब्राहम जोशुआ हेशेल यांचे नाव आम्ही आदराने घेतो. १९०७ साली वॉर्सात जन्मलेल्या या ज्यू विचारवंताला नाझींनी १९३८ मध्ये जर्मनीतून हाकलले. आई आणि तीन बहिणी हिटलरच्या वंशद्वेषाने गिळल्या. १९४० साली ते अमेरिकेत पोहोचले. गोऱ्या कातडीच्या आडोशाने तिथे सुखाने प्राध्यापकी करता आली असती. त्यांनी तसे केले नाही.

१९६२ साली त्यांचा ‘द प्रॉफेट्स’ हा ग्रंथ आला. विधवा, अनाथ, गरीब नाडले जात असतील तर ईश्वराला स्तोत्रे नकोत, हे ज्यू प्रेषितांचे म्हणणे त्यांनी त्यात नव्याने मांडले. जानेवारी १९६३ मध्ये शिकागोच्या धर्म आणि वंशविषयक परिषदेत त्यांनी वंशभेदावर कोरडे ओढले. तिथेच मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी स्नेह जुळला. २१ मार्च १९६५ रोजी कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी सेल्माहून निघालेल्या मोर्चात पांढऱ्या दाढीचे हेशेल पहिल्या रांगेत होते. त्या दिवशी आपले पाय प्रार्थना करीत होते, असे ते पुढे म्हणाले. त्याच ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला.

अत्याचारी मूठभर असतात. पण गप्प बसणारा समाज जबाबदारीतून सुटत नाही, ही हेशेल यांची शिकवण. म्हणून आम्ही कोणत्याही धर्माला एकच विचारतो : पीडितांच्या मोर्चात तुमचे पाय कुठे आहेत?