ड्रॅक्युलाची वंशावळ आणि मोहावरचं वटवाघूळ



मोहाचा हंगाम चालू असताना मी गडचिरोली जिल्ह्यात, वडशाच्या पुढे एका गावात रात्री जागत होते. मोहाच्या फुलांवर कोणती वटवाघळं येतात, किती वाजता येतात, किती वेळ थांबतात, हे मोजायचं काम. दिवसा ही वटवाघळं गावाबाहेरच्या एका जुन्या चिंचेवर उलटी टांगलेली असतात. ती चिंच तोडावी अशी गावात चर्चा चालू होती. का, ते मला एका सातवीतल्या मुलाने सांगितलं.

"ताई, हे रगत पेते नं? ड्रॅक्युलावालं हाये नं हे?"

मी विचारलं, कोणी सांगितलं तुला? तर म्हणे, मोबाइलवर पाहिलं.

मला हसू आलं, आणि मग विचारात पडले. १८९७ साली लंडनमध्ये छापलेली एक कादंबरी झाडीपट्टीतल्या एका चिंचेपर्यंत पोहोचली कशी? आजचा लेख त्या प्रवासाबद्दल आहे. आणि हा प्रवास शोधायला माझ्याच विषयातली एक पद्धत कामाला येते.

वंशावळ काढायची कशी?

दोन प्राणी सारखे दिसले म्हणून आपण त्यांना जवळचे नातेवाईक म्हणत नाही. मूळ पूर्वजाकडे नसलेला, मध्येच कुठेतरी नव्याने आलेला गुण शोधतो. तो ज्यांच्यात सापडतो ते बहुधा एकाच फांदीवरचे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तिच्यामागेही याच्या जवळचाच विचार होता. दोन हस्तलिखितांत एकच भर किंवा एकच चूक दिसली, की त्यांचं घराणं एक असण्याची शक्यता वाढते.

आता हीच पद्धत ड्रॅक्युलाला लावू.

तुम्हाला विचारलं की ड्रॅक्युला मरतो कशाने, तर तुम्ही म्हणाल, सूर्यप्रकाशाने. पण ब्रॅम स्टोकरच्या मूळ कादंबरीत ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या पिकॅडिली भागात दिसतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते, एवढंच. शेवटी तो मरतो ते सुऱ्यांनी, आणि त्यातली एक चक्क गुरख्यांची कुकरी आहे!

सूर्यप्रकाशाने मरणं आलं १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटातून. दिग्दर्शक मुर्नाऊ. निर्मात्यांनी हक्क घेतलेच नव्हते, म्हणून ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक केला आणि शेवटही बदलला. स्टोकरच्या पत्नीने, फ्लॉरेन्सने, खटला लढवला आणि १९२५ मध्ये कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा आदेश दिला. पण काही प्रती वाचल्या. म्हणजे आज ज्या गोष्टीत व्हॅम्पायर उन्हात जळून जातो, तिच्या पूर्वजांत कुठेतरी ही चोरीची, कोर्टाने मारायला काढलेली प्रत आहे.

दुसरा गुण, उंच ताठ कॉलरचा काळा झगा. कादंबरीत झगा आहे, ही कॉलर नाही. ती आली इंग्लंडमधल्या हॅमिल्टन डीनच्या १९२४ च्या नाटकातून. रंगमंचावर ड्रॅक्युला अदृश्य व्हायला हवा. नट प्रेक्षकांकडे पाठ करायचा, कॉलरमागे डोकं लपायचं, आणि तो झग्यातून निसटून खालच्या चोरदारात उतरायचा. झाडीपट्टीत रात्रभर नाटक बघणाऱ्यांना ही युक्ती समजावून सांगायची गरज नाही. पुढे हे नाटक न्यूयॉर्कला गेलं, तिथे बेला लुगोसीने भूमिका केली, १९३१ मध्ये तोच सिनेमात आला, आणि पडद्यावर ज्याची काही गरज नव्हती ती कॉलर कायमची चिकटली.

तिसरा गुण, सुळे. कादंबरीत दात टोकदार आहेत, पण लुगोसीने सुळे कधी दाखवलेच नाहीत. १९५८ च्या हॅमर कंपनीच्या रंगीत चित्रपटात क्रिस्टोफर लीने ते दाखवले, रक्तासकट. त्याच चित्रपटात ड्रॅक्युला उन्हाने मरतो, म्हणजे 'नोस्फेरातू'च्या फांदीवरचा गुण इथे उडी मारून आला. प्राण्यांमध्ये असं सहसा होत नाही, जिवाणूंमध्ये मात्र सर्रास होतं. गोष्टी या बाबतीत जिवाणूंसारख्या असतात.

आपल्याकडची फांदी

लाहोरमध्ये १९६७ साली 'जिंदा लाश' निघाला. तिथे व्हॅम्पायर सरदार नाही, अमरत्वाचं औषध शोधणारा प्राध्यापक आहे. (पीएचडी करणाऱ्यांनी जरूर बघावा.) रामसे बंधूंच्या 'बंद दरवाजा'त (१९९०) नेवला नावाचा व्हॅम्पायर आहे आणि गोष्ट सुरू होते ती मूल होत नाही म्हणून त्याच्याकडे गेलेल्या ठाकुराच्या बायकोपासून. स्टोकरचा ड्रॅक्युला घर खरेदीच्या व्यवहारातून आत शिरतो. आपल्याकडे तो नवसातून शिरला.

मराठीत नारायण धारपांची 'लुचाई' आहे. ती स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली, आणि किंगची कादंबरी जन्मली ती ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल, या प्रश्नातून. म्हणजे 'लुचाई' वाचणारा मराठी वाचक स्टोकरचा नातू वाचत असतो, बहुतेक वेळा नकळत.

मग वटवाघूळ कुठून आलं?

इथे वंशावळीत खरी गंमत आहे. आधी शब्द आला, रक्तपिपासू वटवाघूळ त्याला नंतर मिळालं. 'व्हॅम्पायर' हा शब्द पश्चिम युरोपात गाजला १७३० च्या दशकात, सर्बियातल्या गावांत मेलेली माणसं परत येतात अशा सरकारी अहवालांमुळे. त्या कथांमधला व्हॅम्पायर म्हणजे थडग्यातलं फुगलेलं प्रेत. १७५८ मध्ये लिनियसने एका वटवाघळाला 'व्हॅम्पायरस' हे जातिनाम दिलं. ते आग्नेय आशियातलं मोठं वटवाघूळ आहे, आणि ते फळं खातं! आपल्या चिंचेवरच्या मोठ्या वटवाघळाचं ते सख्खं भावंडच म्हणा, दोघांची प्रजाती एकच.

रक्तावर जगणारी वटवाघळं खरोखर आहेत, पण जगभरात मिळून फक्त ३ जाती, आणि तिन्ही मध्य व दक्षिण अमेरिकेत. ती रक्त शोषत नाहीत. दातांनी बारीक काप घेऊन जिभेने चाटतात. त्यांच्या लाळेतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या एका प्रथिनाला शास्त्रज्ञांनी नाव दिलंय ड्रॅक्युलिन. बघा, इथेही रूपांतर! स्टोकरने ही अमेरिकन वटवाघळं कादंबरीत आणली आणि ट्रान्सिल्व्हेनियाच्या काउंटला जोडून दिली. सिनेमांनी ती जोडी पक्की केली.

भारतात रक्त पिणारं वटवाघूळ नाही. एकही नाही. ज्याला इंग्रजीत 'खोटा व्हॅम्पायर' म्हणतात ते मोठ्या कानांचं वटवाघूळ आपल्याकडे जुन्या इमारतींत, गुहांत राहतं. ते बेडूक, उंदीर, किडे पकडून खातं.

चिंच

गोष्टीत पडलेली भर गोष्टीला शोभते. उन्हात जळणारा व्हॅम्पायर मला मूळ कादंबरीतल्यापेक्षा जास्त आवडतो. पण तीच भर जिवंत प्राण्याला चिकटली, की किंमत त्याला मोजावी लागते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, म्हणजे मारायला आडकाठी नाही. ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीत गेली.

आणि हीच वटवाघळं रात्री मोहावर येतात. फुलाचा गोड भाग खाताना पराग अंगाला लागतात आणि पुढच्या झाडावर जातात. फळं खाऊन बिया लांब नेऊन टाकतात. ज्या घरांचं वर्षाचं गणित मोहफुलांवर चालतं, त्यांच्यासाठी हे प्राणी बिनपगारी गडी आहेत.

खोटं सांगणार नाही, वटवाघळांमध्ये विषाणू असतात, निपासारखे गंभीरसुद्धा. म्हणून त्यांना हात लावू नका, त्यांनी उष्टावलेलं फळ खाऊ नका. पण त्यासाठी झाड तोडायची गरज नाही. उलट हुसकावलेली वटवाघळं माणसांच्या आणखी जवळ येऊ शकतात.

त्या संध्याकाळी मी मुलाला हे सगळं सांगत होते. ओट्यावर बसलेली त्याची आजी ऐकत होती. माझं संपल्यावर ती त्याला म्हणाली, "मी नवरी होऊन आली तवापासून ते तेथीच हायेत. मोव खातेत. रगत कोनाचं पेलं रे?"

मला जे सांगायला अर्धा तास लागला, ते तिने एका दमात सांगितलं. चिंच अजून उभी आहे. पुढच्या हंगामात परत जाणार आहे, तेव्हा कळवते.