मनातल्या हालचालींची पारख

देवाची इच्छा काय आहे, हा प्रश्न श्रद्धावान ख्रिस्ती माणसापुढे केवळ मोठ्या प्रसंगीच येतो असे नाही. नोकरी बदलावी का, अबोला धरलेल्या भावाकडे आपणहून जावे का, अशा साध्या गोष्टींतही तो असतोच. बायबलमध्ये याला ठरावीक उत्तर नाही. होरेब डोंगरावर एलीयाला देव वाऱ्यात, भूकंपात किंवा अग्नीत भेटत नाही, त्यानंतरच्या मंद वाणीत भेटतो. लहानग्या शमुवेलाला तर आलेली हाक देवाची आहे, हे वृद्ध एलीने सांगावे लागते. कॅथलिक परंपरेत या पारखीला पद्धतशीर रूप दिले ते प्रामुख्याने लोयोलाच्या संत इग्नेशियस यांनी.

इग्नेशियस बास्क प्रदेशातल्या सरदार घराण्यातले. मे १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणाला खिळल्यावर त्यांना वीरांच्या अद्भुत कथा वाचायच्या होत्या. घरात मिळाली ती ख्रिस्ताचे चरित्र आणि संतचरित्रे. एका थोर घरच्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची स्वप्ने रंगवण्यात त्यांचे तासन्‌तास जात. कधी संत फ्रान्सिस किंवा संत डॉमिनिक यांच्यासारखे जगावे असेही वाटे. मनात घोळत असताना दोन्ही विचार गोडच लागत. फरक मागाहून कळे: स्वप्नरंजन ओसरले की मन कोरडे पडे, संतांचा विचार मात्र सरल्यावरही समाधान ठेवून जाई. पुढची सगळी शिकवण या निरीक्षणातून वाढली. मानरेसा गावी त्यांनी टिपणे काढायला सुरुवात केली. त्यांतून तयार झालेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली.

या पुस्तकात मनाच्या दोन अवस्था सांगितल्या आहेत. श्रद्धा, आशा आणि प्रेम वाढवते ते सांत्वन. मन अंधारते, बेचैन होते, प्रार्थना नकोशी वाटते ती उदासी. सांत्वन म्हणजे नुसती प्रसन्नता नव्हे. आपल्या पापाबद्दल येणारे अश्रूही त्यातच मोडतात, आणि केलेली चूक सहज पचल्याचा आनंद त्यात मुळीच मोडत नाही. व्यवहारात सर्वांत उपयोगी नियम उदासीबद्दलचा आहे: त्या काळात आधी शांतपणे केलेला निश्चय बदलू नये, उलट प्रार्थना थोडी वाढवावी. बहुतेक माणसे नेमके याच्या उलट करतात.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म. सन्मार्गावर असलेल्याला मोह उघड पापाचा होत नाही, तो सत्कृत्याचा वेष घेऊन येतो. चर्चच्या सेवेचा उत्साह हळूहळू घरच्यांबद्दलच्या चिडचिडीत उतरू लागला, तर त्या विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तपासावा, असे इग्नेशियस सांगतात.

अर्थात पारख करायची ती योग्य पर्यायांमधूनच. लाच घ्यावी की नाही, यासाठी कोणत्याही साधनेची गरज नाही. शिवाय मनात काहीच हालचाल नसेल, तर बुद्धी वापरावी: दोन्ही बाजूंचे फायदेतोटे मांडावेत, अनोळखी माणसाला आपण काय सल्ला दिला असता ते पाहावे, मृत्युशय्येवर कोणता निर्णय घेतलेला बरा वाटेल याचा विचार करावा. परिस्थितीही बोलते. भारतातल्या धर्मकार्यासाठी आधी इग्नेशियस यांचे सहकारी निकोलस बोबादिया यांची निवड झाली होती; ते आजारी पडले म्हणून दुसरे सहकारी फ्रान्सिस झेवियर निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले.

रोजच्या आयुष्यात हे सारे ‘परीक्षण’ नावाच्या एका छोट्या प्रार्थनेत येते. देवाचे आभार मानायचे, प्रकाश मागायचा, दिवस प्रहराप्रहराने आठवायचा, चुकले असेल तिथे क्षमा मागायची, उद्याचा निश्चय करायचा. खरे काम आठवण्यात असते: कोणत्या बोलण्यानंतर मन मोकळे झाले, कोणत्या बातमीनंतर ते आक्रसले. एका दिवसाच्या नोंदीतून फारसे हाती लागत नाही. काही आठवड्यांनी मनाचा कल दिसू लागतो. आपलीच समजूत आपल्याला फसवू नये म्हणून तो आध्यात्मिक मार्गदर्शकापुढे उघड करण्याची प्रथा आहे. इग्नेशियस यांनी स्थापलेल्या येशूसंघाच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासाच्या काळात प्रार्थनेला मोजकाच वेळ द्यावा, असे संघाच्या घटनेत सांगताना त्यांनी दिवसातून दोनदा करायचे हे परीक्षण मात्र वगळले नाही.