सागरी स्मारकपदकांवरील मुद्रालेख : अध्याहृत पदांचा प्रश्न

युरोपातील बरोक कलेत स्मारकपदकाला स्वतंत्र स्थान आहे. तळहातावर मावणाऱ्या धातूच्या चकतीवर एखादे नाविक युद्ध किंवा तह अंकित करावयाचा, म्हणजे चित्राला जागा थोडी आणि शब्दांना त्याहूनही थोडी. त्यामुळे पदकावरील लॅटिन मुद्रालेख पुष्कळदा पूर्ण वाक्य नसतो. क्रियापद, कर्ता किंवा संबंधदर्शक पद अध्याहृत राहते आणि ते पुरविण्याचे काम वाचकाकडे येते. हा वाचक शत्रुपक्षाचा असेल, तर प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. सतराव्या शतकातील डच-इंग्रज संघर्षात तो राजकारणाचा झाला.

या प्रथेचा प्रसिद्ध पूर्वनमुना म्हणजे स्पॅनिश आरमाराच्या विध्वंसानंतर १५८८ मध्ये मिडलबर्ग येथे तयार झालेले डच पदक. वादळाने उधळलेल्या जहाजांभोवती त्यावर ‘फ्लावित् येहोवा एत् दिस्सिपाती सुन्त्’ असा लेख आहे. ईश्वराचे नाव हिब्रू लिपीत दिले आहे. अर्थ : ‘येहोवाने फुंकर घातली आणि ते विखुरले गेले.’ ‘ते’ म्हणजे कोण, हे सांगितलेले नाही. ‘दिस्सिपाती’ हे रूप पुल्लिंगी अनेकवचनी आहे आणि लॅटिनमध्ये जहाज व आरमार यांचे वाचक शब्द स्त्रीलिंगी आहेत. अर्थात विखुरली ती जहाजे नव्हेत, तर माणसे, असे व्याकरण सांगते. तथापि चित्र आणि वर्ष समोर असल्याने येथे गैरसमजास वाव राहिला नाही.

१६६७ च्या पदकाची गोष्ट निराळी. त्या वर्षी जून महिन्यात डी राउटरच्या आधिपत्याखालील डच आरमार मेडवे नदीत शिरले. नदीत आडवी टाकलेली साखळी तोडून त्याने चॅटमजवळ नांगरलेली इंग्रज जहाजे जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे राजाच्या नावाचे जहाज ओढून नेले. पुढे ३१ जुलै रोजी ब्रेडा येथे तह झाला. त्या तहाचे स्मरण म्हणून क्रिस्तोफेल आडोल्फी याने एक पदक घडविले. त्यात पायाखाली तुडविलेली एक आकृती आणि मागे जळती जहाजे दिसतात. लेख असा : ‘प्रोकुल् हिंक् माला बेस्तिया रेग्निस्’.

यात क्रियापद नाही. ‘बेस्तिया’ या शब्दाचे प्रथमेचे व संबोधनाचे एकवचन सारखेच असते. संस्कृतात ‘पशुः’ आणि ‘पशो’ यांत जो भेद दिसतो, तो येथे दिसत नाही. म्हणून ‘दुष्ट पशू राज्यांपासून दूर राहो’ आणि ‘हे दुष्ट पशो, राज्यांपासून दूर हो’ असे दोन्ही अर्थ संभवतात. ‘रेग्निस्’ हे रूप ‘राज्येभ्यः’ या रूपाप्रमाणे चतुर्थी आणि पंचमी या दोहोंना समान आहे. परंतु ‘प्रोकुल्’च्या योगाने येथे पंचमीच निश्चित होते. राहतो तो प्रश्न : ही राज्ये कोणाची? नेदरलँड्सचे प्रजासत्ताक हे राजाचे राज्य नव्हते. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड ही राज्ये मात्र दुसऱ्या चार्ल्सची होती. पशू म्हणजे कलह असे मानले, तर लेख ही शांततेची सदिच्छा ठरते. पशू म्हणजे चार्ल्स असे मानले, तर तीच अक्षरे राजाची निर्भर्त्सना ठरतात. जळत्या जहाजांमुळे इंग्रज वाचकाचा कल दुसऱ्या अर्थाकडे झुकला, यात नवल नाही.

मार्च १६७२ मध्ये चार्ल्सने डचांविरुद्ध युद्ध पुकारले. त्या जाहीरनाम्यात अपमानकारक चित्रे आणि खोटा इतिहास सांगणारी पदके हेही युद्धाचे एक कारण म्हणून नमूद आहे. ते खरे कारण नव्हते. चौदाव्या लुईशी डोव्हर येथे १६७० मध्येच गुप्त करार झालेला होता. पण निमित्त म्हणून पदक उपयोगी पडले.

याच तहाचे इंग्रज पदक जॉन रोएटियर याने तयार केले. त्यावर किनाऱ्याशी बसलेली ब्रिटानिया समुद्रातील जहाजे पाहत आहे. आगीचा मागमूस नाही. लेख दोनच शब्दांचा : ‘फावेन्ते देओ’, म्हणजे ‘देव अनुकूल असता’. ही रचना आपल्या सतिसप्तमीच्या जातीची, केवळ गौण वाक्यांश होय. मुख्य वाक्य येतच नाही. देव अनुकूल असता काय घडले, हे सांगण्याची वेळच पराभूत पक्षाने येऊ दिली नाही. डच लेखातील अध्याहाराने वाद निर्माण केला. इंग्रज लेखातील अध्याहाराने पराभव झाकला.

यावरून पदकांचा साधन म्हणून उपयोग करणाऱ्या अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगणे अवश्य ठरते. मुद्रालेखाचे भाषांतर करताना जे पद आपण पुरवितो, ते मूळ लेखाचे नव्हे. ते कंसात ठेवावे आणि त्याचा आधार रूपविचारात आहे, चित्रात आहे की तत्कालीन वाचकाच्या प्रतिक्रियेत आहे, हे स्पष्ट नोंदवावे. असे न केल्यास १६७२ चा जाहीरनामा लिहिणाऱ्याचे वाचन १६६७ च्या कारागिराच्या माथी मारले जाईल, आणि निमित्त व हेतू यांतील भेद इतिहासातून पुसला जाईल.