बंदी घालून विधी जात नाहीत

एखादी रूढी वाईट ठरली की तिच्यावर बंदी घालावी आणि लोक हळूहळू सुधारतील, असा आपला सर्वसाधारण समज असतो. केनियातल्या मेरू लोकांचा अनुभव मात्र वेगळा आहे. तिथे वयात आलेल्या मुलीच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याची चाल होती आणि त्याशिवाय तिला कुणी बाई म्हणून मोजत नसे. एप्रिल १९५६ मध्ये न्जुरी न्चेके या मेरू वडीलधाऱ्यांच्या पंचायतीने, इंग्रज अधिकाऱ्यांच्या पाठबळाने, या प्रथेवर बंदी घातली. त्यावर मुलींनी ब्लेड मिळवली आणि एकमेकींवर तो विधी स्वतःच उरकला. पुढच्या तीन वर्षांत मुली, त्यांचे आईवडील आणि नातलग मिळून २,४००हून अधिक जणांवर आरोप ठेवले गेले. यात मुलींचा अडाणीपणा शोधणे चुकीचे ठरेल. वयात आल्याची खूण, मैत्रिणींच्या बरोबरीचे स्थान, लग्नाचा मार्ग हे सारे त्या एका विधीला बांधलेले होते. बंदीने कापणे थांबवायला सांगितले, पण त्या मुलीने आता बाई म्हणून उभे कसे राहायचे, याचे उत्तर दिले नाही.

ते उत्तर चाळीस वर्षांनी त्याच परिसरात, थाराका भागात, आयांनी आणि महिला संघटनांनी मिळून शोधले. १९९६ मध्ये तिथे पर्यायी विधी सुरू झाला. मुलींनी काही दिवस वेगळे राहायचे, जाणत्या बायकांनी त्यांना शरीर, पाळी, लग्न, वागणूक यांविषयी शिकवायचे आणि शेवटी सगळ्या गावासमोर गाणी, नाच, भेटवस्तू यांनी त्यांचे स्वागत करायचे. जुन्या विधीतले जवळजवळ सगळे ठेवले, पाते तेवढे काढले. हा उपाय सगळीकडे सारखा लागू पडला असे नाही. गावातली वडील माणसे सोबत नसतील, बाहेरून आलेल्या संस्थेने कार्यक्रम उरकला असेल, तर पर्यायी समारंभानंतरही मुलींना कापले गेल्याचे आढळले आहे. म्हणजे नवा विधी मांडून भागत नाही, तो गावाने आपला म्हणावा लागतो. आणि ही आफ्रिकेची गोष्ट म्हणून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. मुलींना कापण्याची प्रथा आपल्याकडे दाऊदी बोहरा समाजात आहे आणि तिच्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे.

मेरूंची बंदी आली त्याच १९५६ सालच्या १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. तिथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान नाकारलेले आहे, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून घेणेही नाकारलेले आहे. पण बाबासाहेब नकारावर थांबले नाहीत. हातातला विधी काढून घेतलेला माणूस लग्नाच्या आणि मरणाच्या घडीला रिकामा उभा राहतो, हे त्यांनी ओळखले होते. महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ला, त्यांनी एका पत्रात बौद्ध लग्न कसे लावावे ते लिहून दिले. वधूवरांनी पांढरे कपडे घालावेत, स्टुलावर मातीचे मडके ठेवावे, त्यातल्या पाण्यात सोडलेले सूत दोघांनी हातात धरावे आणि कुणी तरी मंगल सुत्त म्हणावे, इतकाच तो विधी. पुलगावसारख्या, सूतगिरणी आणि रेल्वेमुळे वाढलेल्या वर्धा नदीकाठच्या गावात आज बौद्ध वस्तीतले लग्न कुणाला नवलाचे वाटत नाही. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे त्रिशरण-पंचशील होते, मुहूर्ताची घाई नसते, मुलीचे दान होत नाही. दोन-तीन पिढ्यांत हे रुजले. समारंभाला नुसता विरोध केला असता तर ते रुजले असते असे मला वाटत नाही.

नदीच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यात मोझरीला असा नवा विधी देण्याचे दुसरे रूप दिसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत लग्न आणि अंत्यसंस्कार या दोन्ही विषयांवर खर्चिक, भीतीपोटी चालणाऱ्या चालींना बाजूला सारून साधी सामुदायिक पद्धत सांगितली. ११ ऑक्टोबर १९६८ला ते गेले. त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे त्यांच्या देहावसानाच्या वेळी, मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात जमलेला लाखोंचा समुदाय जिथल्या तिथे मौन उभा राहतो. पिंड नाही, दक्षिणा नाही, तरी श्रद्धांजली पुरती वाहिली जाते. जात कुठली, हा प्रश्न तिथे उरत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत गुरुदेव सेवामंडळाच्या प्रार्थनेत बसणाऱ्यांना हा विधी परका वाटत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की मुळात विधीच कशाला हवेत? १९५४च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करता येते, मृत्यूची नोंद नगरपरिषदेत होते. पण नोंदणीचा कागद नाते सिद्ध करतो, ते गावाच्या डोळ्यांदेखत जुळवत नाही, आणि दुःखात माणसाला हातांनी करायला काही लागते. ज्यांना नोंदणी पुरते त्यांनी जरूर तसे करावे. ज्यांना पुरत नाही ते मात्र नवा विधी नसेल तर जुन्याकडेच वळतात. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. नवा विधीही यथावकाश जुन्यासारखाच होतो, त्यात पुन्हा हळद, बँडबाजा, डीजे आणि कर्ज येते. हे खरे आहे आणि आज सगळ्याच समाजांच्या मांडवांत ते दिसते. म्हणून विधी वेळोवेळी तपासावे लागतात. परंतु कर्जाची तक्रार आणि अपमानाची तक्रार एका तराजूत घालता येत नाही. खर्च कमी करता येतो, पण कन्यादानात मुलगी वस्तू ठरते, तिथे काटकसर करून काही साधत नाही.

अपमानाचा हाच निकष विधवेची सौभाग्यचिन्हे उतरवण्याच्या प्रथेला लावला पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि १७ मेला राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगणारे परिपत्रक काढले. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असा तो ठराव आहे. पण बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे हे ग्रामपंचायतीच्या बैठकीत होत नाही. ते प्रेत घरात असताना, किंवा दहाव्याला नदीवर, आयाबायांच्या घोळक्यात होते, आणि पुष्कळदा ज्या बायका ते करतात त्याही कधी काळी तशाच रडलेल्या असतात. त्या वेळी परिपत्रक कुणाच्या हातात नसते. तिथे दुसरे काही करायला हवे आणि ते आधी ठरलेले हवे. सासूने किंवा जावेने सगळ्यांसमोर तिचे कुंकू तसेच राहू द्यावे, तिच्या बांगड्यांना कुणी हात लावू नये हे मोठ्याने सांगावे, प्रार्थना व्हावी, तेरवीला घरच्या कार्यात तिला पुढे बसवावे, आणि पुढच्या संक्रांतीला वाण देणाऱ्या बायकांत ती असावी. काही गावांत विधवांना हळदीकुंकवाला बोलावण्याची सुरुवात झाली आहे. पुलगाव परिसरात महिला बचत गट आहेत, भजनी मंडळे आहेत, बुद्धविहार आहेत. पहिल्या दिवशी त्या घरात कुणी जायचे आणि काय म्हणायचे, हे या बायकांनी एकत्र बसून ठरवायला शासनाच्या आणखी एका आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.